माईक कुठे ठेवायचा?

गेले दोन शनिवार इथे काही लिहिलं नाही. दोघातिघांनी विचारलंही, की बाबा आहेस ना? आहे. शिमग्याला घरी गेलो होतो, रत्नागिरीला. आणि तिथे मृदुंगापुढे माईक कुठे ठेवायचा, या एकाच प्रश्नावर माझे दोन दिवस खर्ची पडले. हसू नका. आधी वाचून बघा.

पण सुरुवात मृदुंगापासून नाही, ड्रमसेटपासून करायला हवी.

इंजिनिअरिंगला असताना आमचा एक बँड होता. (प्रत्येक बॅचमध्ये एक असतोच.) मी त्यात काहीही वाजवत नव्हतो. मी 'साऊंडवाला'. म्हणजे वायरी गुंडाळणारा. तिसऱ्या वर्षाला आम्ही ठरवलं की आपलं एक गाणं व्यवस्थित रेकॉर्ड करायचं. इंटरनेटवर वाचून वाचून मी ड्रमसेटला सात माईक लावले. खालच्या मोठ्या किक ड्रमला एक, स्नेअरला एक, तीन टॉमना तीन आणि झांजांसाठी डोक्यावर दोन. मिक्सर उसना, माईक उसने, आत्मविश्वास मात्र स्वतःचा.

रेकॉर्डिंग ऐकलं तर पत्र्याच्या डब्यावर कोणीतरी छत्री आपटतंय असा आवाज. स्नेअरला अंगच नाही, नुसतं टक् टक्. मी आवाज वाढवला, बास वाढवला, काही फरक नाही. मग माझं ठाम मत झालं की आपल्याला आठवा माईक हवा होता!

खरी गोष्ट बऱ्याच वर्षांनी कळली आणि ती शाळेतल्या फिजिक्सची निघाली. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे एका मिलीसेकंदात ३४ सेंटिमीटर, फुटापेक्षा थोडं जास्त. आता बघा. स्नेअरचा स्वतःचा माईक त्याच्यापासून ५ सेंटिमीटरवर, आणि डोक्यावरचा ७५ सेंटिमीटरवर. फरक ७० सेंटिमीटर. म्हणजे एकच ठोका दुसऱ्या माईकमध्ये दोन मिलीसेकंद उशिरा पोचणार. ज्या आवाजाचं एक आवर्तन चार मिलीसेकंदांचं असतं, म्हणजे २५० हर्ट्झ, त्याच्या दृष्टीने हा उशीर बरोब्बर अर्ध्या आवर्तनाचा. एका माईकमध्ये लाट वर, दुसऱ्यात खाली. दोन्ही एकत्र केले की बेरजेची वजाबाकी. आणि स्नेअरचं 'अंग' असतं ते साधारण याच पट्ट्यात. म्हणजे मी लावलेले माईक एकमेकांचा आवाज खात होते आणि मी आठवा खाणारा शोधत होतो.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकणे. :)

याच्या उलटं उदाहरण ग्लिन जॉन्स या इंग्लिश साऊंड इंजिनिअरचं. १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत लेड झेपलिनचा पहिला अल्बम रेकॉर्ड झाला तेव्हा ड्रम्सवर त्याने मोजके माईक वापरले. पुढे ती पद्धत त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. एक माईक स्नेअरच्या वर सुमारे एक मीटरवर, दुसरा वाजवणाऱ्याच्या उजव्या अंगाला फ्लोअर टॉमपलीकडे, आणि किकपुढे एक. मेख एवढीच की वरचे दोन्ही माईक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर हवेत. दोरी घेऊन मोजायचं. अंतर सारखं, म्हणजे ठोका दोन्हीकडे एकाच वेळी पोचणार, म्हणजे वजाबाकी नाही. पुढे त्याच्याच धाकट्या भावाने, अँडी जॉन्सने, हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात ड्रमसेट जिन्याखालच्या प्रवेशदालनात मांडला आणि जिन्यावरून फक्त दोन माईक सोडले. १९७१ च्या 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' या गाण्यातला तो अवाढव्य आवाज त्या दोन माईकचा आणि त्या जिन्याचा आहे.

हे सगळं मला पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि देवळात उभं राहणं वेगळं.

तर आता मृदुंग.

आमचं गाव रत्नागिरीपासून फार लांब नाही. शहरात शिमगा म्हणजे श्रीदेव भैरीची पालखी, तिच्यापुढे ढोल आणि माणसांचा समुद्र. आमच्या वाडीत त्यामानाने शांत. पालखी घरोघरी येते आणि रात्री खेळे नाचतात. खेळे म्हणजे नमन. गण, गवळण, संकासूर, सोंगं, आणि या सगळ्याच्या मागे टाळकरी आणि दोन मृदुंगवाले. आमच्याकडे मृदुंग गळ्यात अडकवून उभ्यानेच वाजवतात.

पहिला मृदुंग तात्यांचा. तात्या नात्याने माझ्या बाबांचे चुलते, पण अख्खी वाडी त्यांना तात्याच म्हणते. तरुणपणी मुंबईला गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गावी परत आले, ते कायमचेच. दुसरा मृदुंग माझ्या बाबांचा होता. बाबांना जाऊन आता बारा वर्षं होतील.

घरी एक कॅसेट आहे. २००१ च्या शिमग्यातली. कोणीतरी टू-इन-वन देवळाच्या खांबाला खुंटीवर अडकवला होता आणि बटण दाबून तो नाचायला गेला होता. त्या कॅसेटमध्ये तात्यांचा मृदुंग बरा ऐकू येतो. टाळ तर कान फाटतील इतके ऐकू येतात. बाबांचा मृदुंग जवळजवळ नाहीच. कारण खुंटी टाळकऱ्यांच्या बाजूला होती आणि बाबा पलीकडे. त्यात त्या जुन्या टेपरेकॉर्डरना आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असायचं. मोठा आवाज आला की ते सगळंच खाली ओढायचं आणि मग हळूहळू वर आणायचं. म्हणजे टाळेचा प्रत्येक ठोका पडला की पुढच्या क्षणाला बाबा गायब. ते पुन्हा वर येतायत तोवर पुढचा टाळ.

मी ही कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन त्यावर जे जे करता येतं ते करून बसलोय. इक्वलायझर, नॉइज रिडक्शन, आणि आता गाणं आणि वाद्यं वेगळी करून देणारी एआयवाली टूल्सही. ती टूल्स टाळ आणि मृदुंग एकाच गाठोड्यात बांधून हातात देतात. त्यांची चूक नाही. जे टेपवर उतरलंच नाही ते वेगळं काय काढणार? खुंटी चारपाच हात पलीकडे असती तर. बस, एवढंच.

म्हणून या वर्षी मी ठरवून गेलो. तात्यांची पंचाहत्तरी झाली आहे. डाव्या हाताची दोन बोटं सकाळी आखडतात. दुसऱ्या मृदुंगावर आता शेजारचा नववीतला मुलगा उभा राहतो. या दोघांना नीट रेकॉर्ड करायचं आणि दोघेही ऐकू आले पाहिजेत.

पहिला दिवस, शनिवार. खेळ्यांची रात्र उलटून गेली होती, दुपारची वेळ, देऊळ मोकळं. माझ्याकडे बॅटरीवर चालणारा चार ट्रॅकचा रेकॉर्डर आणि दोन छोटे कंडेन्सर माईक. शिवाय गावच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून चार डायनॅमिक माईक आणले. (ते खरे 'शुअर' होते की नाही याबद्दल मी शुअर नाही.)

दोन्हीतला फरक थोडक्यात सांगतो. डायनॅमिक माईकमध्ये पडद्याला तारेचं वेटोळं चिकटवलेलं असतं, ते लोहचुंबकात हलतं आणि वीज तयार होते. पडदा जड, म्हणून जरा आळशी, पण आडदांड. शुअरचा एसएम ५७ हा असाच, १९६५ पासून जगभरच्या स्नेअरपुढे उभा आहे. कंडेन्सरचा पडदा अतिशय हलका, बारीकसारीक सगळं टिपणारा, पण त्याला बाहेरून वीज लागते, बहुतेकदा ४८ व्होल्ट, ती त्याच वायरीतून जाते. मी विचार केला, मृदुंग म्हणजे जोरकस वाद्य, जवळून घ्यायचं, तर डायनॅमिकच. प्रत्येक मृदुंगाला दोन. एक उजव्या पुडीपुढे, एक डाव्या, दोन्ही चार बोटांवर. ड्रमसेटची सवय, दुसरं काय.

तात्या आणि तो पोरगा तासभर वाजवत होते. मग मी हेडफोन तात्यांच्या कानाला लावला. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, काढला आणि म्हणाले, "वाजवलंय मीच. पन ह्यो मृदुंग माजा नाय."

मला जरा लागलं. पण त्यांचं बरोबर होतं. डाव्या बाजूचा घुमारा एकदा ढोलासारखा अंगावर यायचा, एकदा नाहीसाच व्हायचा. उजवीकडून नुसती टिचकी. मधलं लाकूड कुठेच नव्हतं.

रात्री ओटीवर कागद घेऊन बसलो. आई म्हणाली, ऑफिसचं काम आहे का? म्हटलं, त्याच्यापेक्षा अवघड आहे.

बग क्रमांक एक: तात्या हलतात. उभ्याने वाजवणारा माणूस तालावर झुलणारच. चार बोटांवरचा माईक तीनपट लांब गेला की आवाज साडेनऊ डेसिबलने पडतो. तोच माईक मीटरभर लांब असेल आणि तात्या वीतभर मागे गेले तर फरक फक्त दीड डेसिबलच्या आसपास. जितकं जवळ जाल तितकी प्रत्येक हालचाल महाग. शिवाय एका दिशेने ऐकणारे माईक फार जवळ नेले की बास फुगवतात, तो फुगवटाही अंतराबरोबर कमीजास्त होणार. अंगावर येणं आणि नाहीसं होणं, दोन्हीचं उत्तर मिळालं.

बग क्रमांक दोन: दोन्ही माईक एकमेकांकडे तोंड करून होते. उजव्या पुडीवर थाप मारली की ती आत जाते, म्हणजे आपल्या माईकपासून दूर. आतली हवा दाबली जाऊन डावी पुडी बाहेर येते, म्हणजे तिच्या माईकच्या जवळ. एकाच थापेसाठी एक माईक 'उणे' म्हणतोय आणि दुसरा 'अधिक'. स्नेअरला वरून आणि खालून माईक लावतात तेव्हा हेच होतं आणि तिथे एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करतात. मीही केली. घुमारा लगेच थोडा भरला. पण लाकूड काही आलं नाही.

बग क्रमांक तीन सगळ्यात मजेशीर. साध्या ताणलेल्या कातड्यातून मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ नसतात. १.५९ पट, २.१४ पट, असे वेडेवाकडे. म्हणून किक ड्रमला सूर असा नसतो. आपल्या मृदुंगाच्या, तबल्याच्या उजव्या पुडीवर मधोमध शाईचा थर असतो, त्याच्या वजनामुळे हे वरचे सूर ओढून जवळजवळ दुप्पट-तिप्पट-चौपट अशा ओळीत येतात. म्हणून ते वाद्य गाण्याच्या सुरात लावता येतं. सी. व्ही. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्याबरोबर १९२० मध्ये 'नेचर'मध्ये यावर टिपण लिहिलं आणि १९३४ मध्ये यावरच सविस्तर लेख लिहिला. डाव्या पुडीवर शाई नसते, तिथे वाजवण्याआधी कणकेचा गोळा थापतात. ती कणीक वाळत गेली की आवाज बदलतो आणि तात्या मध्येच पाण्याचं बोट लावतात.

आता यातला प्रत्येक सूर पुडीच्या वेगवेगळ्या भागातून निघतो. काही मधून, काही कडेने. चार बोटांवरचा माईक पुडीच्या एका तुकड्यालाच कान लावून बसणार. सगळे सूर एकत्र होऊन 'मृदुंग' तयार व्हायला हवेत थोडं अंतर लागतं. वाद्य सव्वादोन फूट लांब, तर माईकही निदान तेवढा तरी लांब हवा. हत्तीचा फोटो वीतभरावरून काढून तो हत्ती नाही म्हणून कसं चालेल?

रविवारी सकाळी पुन्हा देवळात. आधी टाळी वाजवून बघितली. देऊळ दुरुस्त केलं तेव्हा सारवलेली जमीन जाऊन चकचकीत फरशी आली, त्यामुळे टाळी दोन भिंतींत चेंडूसारखी टप्पे खाते. घराघरातून सतरंज्या आणि घोंगड्या गोळा केल्या, फरशीवर आणि एका भिंतीवर टाकल्या. टप्पे कमी झाले. वरती अजून कौलं आहेत हे नशीब, स्लॅब असता तर निम्मं काम हाताबाहेर गेलं असतं.

मग तात्यांना वाजवायला सांगितलं आणि एक कान बोटाने बंद करून त्यांच्याभोवती फिरलो. ही युक्ती कुठल्याही महागड्या उपकरणापेक्षा चांगली आहे. माईकला एकच कान असतो, तेव्हा आपणही एकाच कानाने ऐकायचं. अगदी समोर उभं राहिलं की घुमारा पातळ. उजवीकडे सरकलं की नुसती चाट. डावीकडे अर्धं पाऊल सरकलो, थोडा उंच झालो, आणि एकदम मृदुंग पूर्ण झाला. वाजवणाऱ्याच्या कानाला जसा येतो साधारण तसाच.

माईक तिथे आणायला स्टँड नव्हता. तुळईवरून दोरी सोडली. हेडली ग्रेंजला जिना होता, आम्हाला तुळई. दोन कंडेन्सर एकमेकांपासून १७ सेंटिमीटर आणि मध्ये ११० अंशांचा कोन, फ्रेंच रेडिओवाल्यांची ही जुनी पद्धत, माणसाच्या दोन कानांच्या अंतराशी मिळतीजुळती. तात्या डावीकडे, पोरगा उजवीकडे, दोघांपासून माईक सारख्याच अंतरावर, तेही सुतळीने मोजून. टाळकऱ्यांना चार पावलं मागे पाठवलं. त्यांनी जरा कुरकुर केली, पण गेले.

वाजवायला सुरुवात केली आणि लाईट गेली. मी आनंदाने टाळी वाजवणार होतो. पंखे बंद, शेजारच्या घरचा टीव्ही बंद, वायरीतली पन्नास हर्ट्झची गुणगुण बंद. माझं सगळं बॅटरीवर. महाराष्ट्रात भारनियमनाचं स्वागत करणारा मी पहिलाच असेन.

तात्यांनी हेडफोन लावला. या वेळी काढला नाही. पाच-सहा मिनिटांनी म्हणाले, "हां. आता माजा." आणि मग त्या पोराकडे बघून, "तुजाबी."

मग मला काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना मोबाईलवरून ती २००१ ची फाईल लावून दिली. काही सांगितलं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते, बोटं गुडघ्यावर. एका ठिकाणी टाळ थांबतात, तिथे त्यांनी हात वर केला. "ह्यो तुजा बापूस."

मी म्हटलं, "कशावरून? तिथे तर तुम्हीच वाजताय."

"माज्या मागनं येतो बघ. डावा हात. कायम उशिरा द्यायचा. सांगून सांगून दमलो."

ती जागा मी शेकडो वेळा ऐकली असेल. संध्याकाळी एडिटरमध्ये मोठी करून बघितली. टाळ थांबल्यावर टेपरेकॉर्डर हळूहळू वर येतो, तात्यांची थाप पडते आणि तिच्यामागे तीसेक मिलीसेकंदांवर एक बारकासा उंचवटा. तशा चार जागा सापडल्या. चारही ठिकाणी तेवढाच उशीर. तीस मिलीसेकंद म्हणजे आवाजाच्या हिशेबात दहा मीटर. तात्यांच्या शेजारी उभे राहून बाबा जणू देवळाच्या बाहेरून वाजवत होते.

मी आतापर्यंत तो उंचवटा तात्यांच्या थापेचा प्रतिध्वनी समजून साफ करत आलो होतो. नॉइज रिडक्शनमध्ये. स्वतःच्या हाताने.

असो.

एक गंमत राहिली. निघताना तो नववीतला मुलगा आला आणि म्हणाला, "दादा, मला शनिवारचं रेकॉर्डिंग द्या." मी म्हटलं, अरे ते फसलंय. तर म्हणे, "त्याच्यात तात्यांचा हात एकेक सुटा कळतो. उजवा वेगळा, डावा वेगळा. शिकायला बरं." म्हणजे तात्यांनी नापास केलेले चार बोटांवरचे माईक त्याला हवे होते. दोन्ही दिले. माईक कुठे ठेवायचा या प्रश्नाआधी 'कोणासाठी?' हा एक प्रश्न असतो, तो मी विचारलाच नव्हता. रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहायला बसणारा मी काही पहिला इंजिनिअर नाही म्हणा.

तुळईवर जिथून दोरी सोडली होती तिथे एक खिळा ठोकून आलोय. तात्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, पुढच्या शिमग्याला शोधाशोध नको. ते हातातली कणीक पुडीवरून खरवडत होते. म्हणाले, "ठोक. पन जरा खाली ठोक. ह्यो पोरगा माज्यापेक्षा बुटका हाय."

तुमच्या घरी, गावात कोणी वाजवणारं असेल तर एवढंच सांगेन: महागडा माईक नसला तरी चालेल, मोबाईलही चालतो. पण तो खुंटीवर अडकवून निघून जाऊ नका. एक कान बंद करून आधी एक चक्कर मारा आणि ज्याचा आवाज सगळ्यात कमी येतोय त्याच्या बाजूला दोन पावलं सरका.

पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे. घाटात गाडी बंद पडली ती गोष्ट सांगायची आहे.